अरबी समुद्रातील देवमासा : कोठे, केव्हा आणि किती

जालन्यासारख्या गावी, उन्हाळ्याच्या ऐन भरात, नळाला पाणी केव्हा येणार हाच जेथे सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न असतो तेथे देवमाशांवर व्याख्यान ठेवणे ही थोडी चेष्टाच आहे, असे कोणाला वाटल्यास त्यात त्याचा दोष नाही. समुद्र येथून चारशे किलोमीटरांवर आहे. परंतु अलीकडे आमच्या कामगार बंधूंपैकी ज्यांना चार दिवस सुटी आणि चार पैसे हाती असतात, ते कोकणात जाऊन येतात, आणि परत आल्यावर विचारतात, "डॉल्फिन पाहिले, पण देवमासा पाहायचा तर कोठे जावे, केव्हा जावे?" या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता येते, आणि पुढे आम्ही ते देणारच आहोत. पण 'कोठे' आणि 'केव्हा' यांच्या आधी 'किती' हा प्रश्न येतो. किती होते आणि किती उरले? याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा आम्हाला एका खोट्या वहीची हकीकत सापडली. आणि खोट्या वह्या हा तर आमचा रोजचाच विषय आहे.

प्रथम आपल्या जिल्ह्याचे समुद्राशी नाते काय ते सांगू, म्हणजे विषय अगदीच परका वाटणार नाही. आपले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावे आहेत. १९७३ साली येथे उत्खनन झाले तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती निघाली. तशीच, अगदी त्याच घडणीची मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई गावी सापडली होती. आणि पाँपेई तर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. पाँपेईची ती मूर्ती आपल्याच मुलखातल्या कारागिरांनी कोरली असावी असे काही विद्वान मानतात. ते खरे असो वा नसो, येथला माल पैठणच्या पेठेतून, घाट उतरून, भडोच-कल्याणच्या बंदरांत जात होता आणि तेथून मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत होता, याविषयी शंका नाही. तो माल वाहणाऱ्या गलबतांवरच्या खलाशांना देवमासे दिसत असलेच पाहिजेत. त्यांनी लिहून काही ठेवले नाही. खलाशी लिहीत नसतात. त्यांच्या वतीने दुसरे लिहितात.

दुसऱ्यांनी मात्र लिहिले आहे. शिकंदराचा सरदार नियार्कस हा इसवी सनापूर्वी ३२५ साली सिंधूच्या मुखातून इराणी आखाताकडे आरमार घेऊन निघाला. मकरानच्या किनाऱ्याला पहाटेच्या वेळी समुद्रातून पाण्याचे लोट वर उडताना दिसले. वाटाड्यांनी सांगितले, हे देवमासे. वल्हेकऱ्यांच्या हातची वल्ही गळून पडली. नियार्कसने काय करावे? त्याने लढाईला उभी करावीत तशी गलबते एका ओळीत आणली, कर्णे वाजवायला लावले, आरोळ्या ठोकायला लावल्या, आणि सरळ त्या प्राण्यांवर चाल केली. देवमासे बुडी मारून मागे जाऊन वर आले, आणि खलाशांनी टाळ्या पिटल्या. अरबी समुद्रात देवमासे पाहिल्याची ही फार जुनी लेखी हकीकत, आणि ती आरियन या ग्रीक इतिहासकाराने जपून ठेवली. त्या किनाऱ्यावरचे लोक देवमाशाच्या हाडांची घरे बांधीत, हेही त्याच हकिकतीत आहे.

आपल्याकडे 'तिमि' आणि 'तिमिंगिल' हे शब्द रामायण-महाभारतापासून आहेत. पण आम्हाला नवल वाटते ते कालिदासाचे. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवतो. तेथे तिमि मासे नदीच्या मुखाशी तोंडे उघडून प्राण्यांसकट पाणी आत घेतात, तोंडे मिटतात आणि डोक्यावरच्या छिद्रांतून पाण्याच्या धारा वर सोडतात, असे वर्णन आहे. दात नसलेला, तोंडातल्या झालरीने पाणी गाळून जगणारा देवमासा कसा खातो हे इतके नेमके ज्याने सांगितले, त्याने एक तर समुद्र लक्षपूर्वक पाहिला असेल, नाही तर पाहणाऱ्याचे लक्षपूर्वक ऐकले असेल. चूक एवढीच की डोक्यावरून जी उडते ती गिळलेल्या पाण्याची धार नसून उच्छ्वासाची वाफ असते. देवमासा मासा नव्हेच. त्याला फुप्फुसे आहेत, तो पिलाला दूध पाजतो, आणि श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. तो वर येतो म्हणून आपल्याला दिसतो. आणि वर येतो म्हणूनच मारला गेला.

मारण्याचा धंदा कसा वाढला हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेच्या नँटकेट आणि न्यू बेडफर्ड या बंदरांतून शिडाची जहाजे तीन-तीन, चार-चार वर्षांच्या सफरीवर निघत आणि हिंदी महासागरापर्यंत येत. मजुरीची पद्धत कामगारांनी ऐकण्यासारखी आहे. पगार नाही, हिस्सा. कप्तानाला उत्पन्नाचा पंधरावा-अठरावा भाग, आणि नवशिक्या खलाशाला दीडशेवा ते दोनशेवा. त्यातून कपडे, तंबाखू, उचल हे सारे मालकाच्या भावाने वजा. चार वर्षे समुद्रावर राबून उतरताना उलटे देणेकरी झालेले खलाशी काही थोडे नव्हते. ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या अंबड-घनसावंगीकडच्या जोडप्यांना उचलीचे हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

पण या जहाजांवर एक चांगली रीत होती. रोजनिशीच्या समासात देवमाशाचे शिक्के उठवीत. मारून हाती लागला तर अख्ख्या देवमाशाचा शिक्का. निसटून गेला तर नुसत्या शेपटीचा. म्हणजे हातचे गेले तेही लिहीत. चार्ल्स टाउन्सेंड नावाच्या संशोधकाने १९३५ साली अशा शेकडो रोजनिशा चाळून, कोठे व कोणत्या महिन्यात कोणता देवमासा मारला गेला त्याचे नकाशे केले. त्या नकाशांत अरबी समुद्रातही ठिपके आहेत. देवमासा कोठे, केव्हा, या प्रश्नाला जगातले पहिले भरघोस उत्तर मिळाले ते असे खुनाच्या नोंदींतून, पण खऱ्या नोंदींतून.

या साऱ्या तेलाचे होत काय असे? दिवे जळत, मेणबत्त्या होत, आणि गिरण्या चालत. सूतगिरणीच्या चात्यांना वंगण म्हणून स्पर्म देवमाशाचे तेल उत्तम समजत. स्कॉटलंडमधील डंडी येथे ताग मऊ करायला देवमाशाचेच तेल लागे. कलकत्त्याच्या ताग-गिरण्यांशी स्पर्धा करणारे ते शहर अर्धे देवमाशांवर उभे होते म्हटले तरी चालेल. १८५९ साली अमेरिकेत खनिज तेलाची विहीर लागली, रॉकेल स्वस्त झाले, आणि देवमासे वाचले असे वाटले. तसे झाले नाही. नॉर्वेच्या स्वेन फोइन याने स्फोटक भाला फेकणारी तोफ आणि वाफेची शिकारी बोट आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेल गोठवून घट्ट करण्याची युक्ती निघाली, आणि देवमाशाचे तेल युरोपात लोण्याऐवजी पावावर आणि साबणात जाऊ लागले. १९२५ नंतर जहाजाच्या मागच्या बाजूने उतरंड करून अख्खा देवमासा वर ओढून घेणारी कारखाना-जहाजे आली. मग समुद्रावरच कापणे, उकळणे, पिंपे भरणे. १९३०-३१ च्या एकाच हंगामात दक्षिण ध्रुवाकडे सुमारे २९ हजार निळे देवमासे मारले गेले. सबंध विसाव्या शतकाची बेरीज सर्व जातींची मिळून सुमारे २९ लाख होते.

यावर आळा घालण्यासाठी १९४६ चा करार झाला आणि आंतरराष्ट्रीय व्हेल आयोग बसला. आयोगाचे माप मात्र पाहण्यासारखे होते. 'एक निळा देवमासा' हे एकक. दोन फिन देवमासे म्हणजे एक निळा, अडीच कुबडे देवमासे म्हणजे एक निळा, सहा सेई म्हणजे एक निळा. प्राणी मोजायचे नव्हते, तेल मोजायचे होते. तरी त्यांतल्या त्यात एक चांगला नियम होता : कारखाना-जहाजांनी उत्तरेकडच्या उबदार समुद्रांत झालरीचे देवमासे मारू नयेत. आपल्या बाजूला ही रेषा दक्षिण अक्षांश ४० वर होती. म्हणजे सबंध अरबी समुद्र त्यांना बंद.

आता मूळ हकीकत. रशियाचे दोन ताफे, 'स्लावा' आणि 'सोव्हिएत्स्काया उक्राइना', दर वर्षी ओडेसाहून निघून सुएझमार्गे दक्षिण ध्रुवाकडे जात. त्यांचा रस्ता आपल्या समुद्रावरून होता. १९६३ ते १९६७ या काळात त्यांनी जाता-येता अरबी समुद्रात आणि लगतच्या पाण्यात शिकार केली : १,२९४ निळे देवमासे, ८४९ ब्रायडीचे देवमासे, ९५४ स्पर्म देवमासे आणि २४२ कुबडे देवमासे. एकूण ३,३३९. कुबड्यांपैकी २३८ तर एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांसमोर. त्याच सुमारास कुबड्या देवमाशाच्या शिकारीवर जगभर बंदी आलेली होती. आयोगाला दिलेल्या हिशेबात या ३,३३९ पैकी कशाचाच पत्ता नव्हता. जून १९६७ मध्ये अरब-इस्रायल युद्धामुळे सुएझचा कालवा बंद पडला, तो १९७५ पर्यंत उघडला नाही.

हे सारे कशासाठी? रशियात देवमाशाच्या मांसाला फारशी मागणी नव्हती; पुष्कळसा माल समुद्रातच टाकून देत. पण योजनेत उत्पादनाचा आकडा होता. आकडा पुरा केला की बोनस. ओलांडला की आणखी बोनस, मानपत्र, पदक. आणि पुढल्या वर्षी वाढवलेला नवा आकडा. कप्तानापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत प्रत्येकाचे पोट त्या आकड्यावर लटकलेले. जहाजावर दोन वह्या : एक खरी, गुप्त, दुसरी बाहेर दाखवायची. १९४८ ते १९७९ या काळात जगभर रशियाने सुमारे १ लाख ८० हजार देवमासे असे लपवून मारले. दक्षिण गोलार्धातले कुबडे देवमासे दाखवले २,७१०. मारले ४८ हजारांवर. १९७२ मध्ये एकमेकांच्या जहाजांवर परदेशी निरीक्षक बसवण्याची पद्धत आली तेव्हा कोठे हा प्रकार बहुतांशी थांबला.

आम्हाला हे वाचून जे वाटले ते स्पष्ट बोलतो. आमचे शालेय शिक्षण जेमतेम. जे काही वाचायला शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून, आणि त्या कपाटात रशियातून येणारी, सुबक छपाईची, चार-आठ आण्यांची मराठी पुस्तके होती. आमच्या पिढीच्या किती तरी कार्यकर्त्यांनी जग पाहिले ते त्या खिडकीतून. तेव्हा कोणी म्हणेल, झाले गेले, आपल्याच माणसांची लक्तरे वेशीवर कशाला? आमचे मत उलट आहे. कारखान्यात दोन मस्टर ठेवणाऱ्या मालकाविरुद्ध आम्ही उभे राहतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही असे मस्टर डोळ्यांनी पाहिले आहेत : तपासणी आली की काढायचे एक, पगाराच्या दिवशी उघडायचे दुसरे, भट्टीवर भाजलेला माणूस पहिल्यात सापडतच नाही, कारण तो त्या दिवशी कामावर नव्हताच. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने दोन मस्टर ठेवली तर त्याला वेगळा न्याय लावायचा कसा? उलट तेथे चीड अधिक यावी. शिवाय, त्या जहाजावरचा मजूर हा काही खुनशी माणूस नव्हता. त्याला बोनस हवा होता, घरी मुले होती. गुन्हा आकड्याचा होता, आणि आकडा ठरवणारा कधी समुद्रावर आलाच नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती आम्हाला फार मोलाची वाटते. त्या जहाजांवर शास्त्रज्ञ नेमलेले असत. प्रत्येक देवमाशाची लांबी, नर की मादी, पोटात काय निघाले, गर्भ असल्यास त्याचे माप, हे ते लिहून ठेवीत. वरून हुकूम होता की खरे आकडे बाहेर जाता कामा नयेत. काहींनी आपली टिपणे तीस-तीस वर्षे दडवून जपली. एकाने तर घरच्या बटाट्याच्या तळघरात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर, १९९३ साली, अलेक्सी याब्लोकोव्ह या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील एका परिषदेत ही गोष्ट जाहीर केली. अरबी समुद्रातल्या कुबड्या देवमाशांचे आकडे युरी मिखालेव्ह याने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. खऱ्या वहीवर काम करणारे आणि ती जाळू न देणारे हे चार-दोन लोक नसते, तर अरबी समुद्रात देवमासे मुळातच थोडे होते, असे आज आपण पाठ्यपुस्तकात वाचत असतो.

मिखालेव्हच्या आकड्यांतून एक विलक्षण गोष्ट निघाली. जगातले इतर कुबडे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडे चरायला जातात आणि थंडीत उबदार पाण्यात विण्यासाठी येतात. दक्षिण गोलार्धातले ऋतू उलटे, म्हणून त्यांच्या गर्भाचे महिनेही उलटे पडतात. अरबी समुद्रात मारलेल्या माद्यांच्या गर्भांची मापे उत्तरेच्या ऋतूंशी जुळत होती. म्हणजे हे प्राणी दक्षिण ध्रुवाकडून आलेले पाहुणे नव्हते. त्यांच्या पोटात येथलेच तारली-बांगड्यांसारखे मासे निघाले. पुढे रक्त-मांसाच्या परीक्षेवरून २०१४ मध्ये असे दिसले की हा कळप सुमारे ७० हजार वर्षे इतरांपासून वेगळा राहिला आहे. बारमाही अरबी समुद्रात राहणारा, कोठेही न जाणारा, येथला भूमिपुत्र. त्याला हे जमते कारण पावसाळी वारे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी दूर लोटतात आणि खालचे थंड, सकस पाणी वर येते. त्यावर शेवाळ, शेवाळावर कोळंबीसारखे जीव, त्यांवर तारली. जो नैऋत्य मोसमी वारा आमच्या कपाशीला पाऊस देतो, तोच त्याचे ताट वाढतो. ओमानच्या किनाऱ्यावर या कळपाची मोजदाद झाली तेव्हा अंदाज निघाला ८२ चा. एका नोव्हेंबर महिन्यात मारलेले २३८ आणि चाळीस वर्षांनंतर उरलेले ८२, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

त्या ८२ पैकी एकीची हकीकत आपल्या किनाऱ्याशी निगडित आहे. ओमानमधील संशोधकांनी २०१७ च्या नोव्हेंबरात एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खूण देणारे यंत्र बसवले. तिचे नाव 'लुबान', म्हणजे ऊद. जुन्या काळी तिकडून आपल्याकडे येणारा मोठा माल तो हाच. लुबान वर्षाच्या अखेरीस सबंध अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि किनाऱ्याने दक्षिणेकडे कन्याकुमारीपर्यंत गेली. भडोच-कल्याणची गलबते ज्या समुद्रावरून जात त्याच समुद्रावरून, उलट दिशेने.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. २०१४-१५ च्या सुमारास सिंधुदुर्गात कोकण सिटेशियन रिसर्च टीम या नावाने काही तरुण संशोधक मुली-मुलांनी काम केले. त्यांची पद्धत आम्हाला पटली. त्यांनी आधी कोळ्यांना विचारले. होडीवर रोज जाणाऱ्याला काय दिसते, कोठे दिसते, कोणत्या महिन्यात? डॉल्फिनला कोकणात गादा म्हणतात हे ऐकून घेतले. मग स्वतः होड्यांतून रेघा आखून समुद्र पाहिला. त्यांना ब्रायडीचे देवमासे दिसले. आणि २०१५ मध्ये देवगडजवळ कुणकेश्वरच्या समोर पिलासह निळे देवमासे दिसले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर शंभर वर्षांनी निळा देवमासा, असे वर्तमानपत्रांनी छापले. आम्हाला वाटते, शंभर वर्षे दिसला नाही असे नव्हे, शंभर वर्षे विचारले नाही. कोळ्याची साक्ष कोणी मस्टरवर घेतली नव्हती. (जाता जाता : हा 'ब्रायडी' म्हणजे योहान ब्रायडे नावाचा नॉर्वेजियन, ज्याने दक्षिण आफ्रिकेतील दर्बान येथे देवमासे कापण्याचे ठाणे उभारण्यात पुढाकार घेतला. ज्याने मारले त्याचेच नाव मेलेल्याला.)

सिंधुदुर्गच का, याचे कारण समुद्राच्या तळाशी आहे. आपल्या किनाऱ्यापुढे उथळ पाण्याचा एक ओटा आहे. मुंबईसमोर तो तीनशे किलोमीटरांच्या आसपास रुंद. दक्षिणेकडे जावे तसा अरुंद होत जातो. मोठे देवमासे ओट्याच्या कडेला, खोल पाण्याजवळ राहणे पसंत करतात. म्हणून मुंबई-अलिबागपेक्षा देवगड-मालवण-वेंगुर्ला बरे, आणि विजयदुर्गच्या समोर सुमारे १०५ किलोमीटर आत असलेला, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळाचा पठार त्याहून बरा. पण तेथे होडीने सहज जाऊन येता येत नाही. श्रीलंकेत ओटा अगदीच अरुंद आहे, म्हणून तेथे मिरिसा येथे डिसेंबर ते एप्रिलमध्ये, आणि पूर्वेला त्रिंकोमालीस त्यानंतरच्या महिन्यांत, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर निळे देवमासे दिसतात. तेथे तो एक धंदाच झाला आहे.

आपल्याकडे तसा धंदा नाही, आणि जो कोणी तिकीट फाडून "देवमासा नक्की दाखवतो" म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तरी जायचे असेल त्याने ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत जावे. त्यातही डिसेंबर ते मार्च समुद्र शांत असतो. सकाळी लवकर निघावे, कारण दुपारी वारा उठला की लाटांच्या फेसात उच्छ्वासाचा फवारा ओळखू येत नाही. पावसाळ्यात जाण्याचा प्रश्नच नाही : यांत्रिक नौकांना कायद्याने १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या उघडतच नाही. दापोलीकडे हर्णै-मुरूड, गुहागर, तारकर्ली-देवबाग, निवती येथे गादे हमखास म्हणावे इतके दिसतात. देवमासा दिसण्याचा संभव तेथे थोडा. दिसलाच तर क्षितिजाजवळ एक फवारा आणि काळी पाठ. जालन्याहून गेलेल्या माणसाने एवढ्यावर समाधान मानावे. होडी पाहुण्यांच्या सोयीसाठी ठेवलेली असली तरी होडीवाल्याला गाद्यांच्या पाठलागाला लावू नये. इंजिन मंद ठेवून शंभर मीटर दूर थांबण्याचे त्याला पैसे देतो म्हणावे, धावण्याचे नव्हे. आई आणि पिलू यांच्या मध्ये होडी कधीही घालू नये.

किनाऱ्यावर मेणासारखा, उग्र वासाचा गोळा सापडला तर हात लावू नये. तो अंबर असू शकतो. स्पर्म देवमाशाच्या आतड्यात होणारा हा पदार्थ निजामी अमदानीत हैदराबादच्या अत्तरांत आणि युनानी औषधांत मोलाने जात असे. जुन्या लोकांना 'खमीरा अंबरी' आठवत असेल. आता सर्व देवमासे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि अंबर विकताना पकडलेल्यांच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात. त्यांत बहुधा कोणी दलालाच्या सांगण्यावरून पिशवी वाहणारा गरीबच सापडतो.

राहता राहिले किनाऱ्याला लागलेले देवमासे, कारण बहुतेक मराठी माणसांनी देवमासा पाहिला तो असाच. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत वाहून आला. गावकऱ्यांनी व वनखात्याने तासन्‌तास खटपट केली, पण तो गेला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईला जुहूच्या वाळूत ब्रायडीचा मेलेला देवमासा आला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला एक पिलू लागले. दोन दिवस लोकांनी ओली फडकी घालून, पाणी मारून त्याला जगवले, बोटीने ओढून समुद्रात सोडले, आणि तरी ते वाचले नाही. पाण्याबाहेर देवमासा स्वतःच्याच वजनाखाली चिरडला जातो. म्हणून असे दृश्य दिसल्यास शेपटीला दोर बांधून ओढू नये, डोक्यावरचे श्वासाचे भोक मोकळे ठेवावे, अंग ओले ठेवावे, गर्दी हटवावी आणि वनखात्याला कळवावे. जाळ्यात सापडला तर कोळ्याने जाळे कापून सोडावे, अशी अपेक्षा आहे. जाळे म्हणजे कोळ्याचे भांडवल. नुसत्या उपदेशाने ते कोणी कापत नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ च्या अखेरीस अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आणली, आणि तिच्यासाठी सोडवलेल्या प्राण्याचा फोटो पुरावा म्हणून द्यावा लागतो. त्यामुळे कोकणातल्या कोळ्यांच्या मोबाइलमध्ये आता कासवांची, गाद्यांची आणि क्वचित एखाद्या मोठ्या काळ्या पाठीची चित्रे साठू लागली आहेत, प्रत्येकावर तारीख आणि वेळ.